दुखत नाही म्हणजे ठीक आहे? दुधाच्या दातापासून कवळीपर्यंत



आज आपण दातांबद्दल बोलणार आहोत. आम्ही काही दंतवैद्य मिळून हे व्याख्यान तयार केलं आहे, त्यामुळे बोलताना 'आम्ही' असं येईल, ते आमच्या सगळ्यांच्या वतीने आहे.

दाताच्या दवाखान्यात रोज घडणारा एक संवाद सांगतो. आम्ही विचारतो, "काय त्रास होतोय?" पेशंट गालावर हात ठेवून सांगतो, "दोन दिवस झाले, ठणकतंय. रात्री झोप नाही." मग आम्ही विचारतो, "हा खड्डा कधीपासून आहे?" उत्तर येतं, "तसा वर्षभर आहे. पण दुखत नव्हता, म्हणून नाही आलो."

'दुखत नव्हता म्हणून नाही आलो.' आजचं सगळं व्याख्यान या एका वाक्यावर आहे. पोटात दुखलं, छातीत दुखलं की आपण धावतो, आणि ते बरोबरच आहे. पण तोंडातले बहुतेक आजार सुरुवातीला दुखतच नाहीत. दाताची कीड, हिरड्यांचा आजार, तोंडाच्या कर्करोगाच्या आधीची अवस्था, या तिन्ही गोष्टी गुपचूप वाढतात. दुखायला लागतं तेव्हा सोपे उपाय बहुधा हातातून गेलेले असतात. म्हणून कोणत्या वयात काय पाहायचं, हे आपण टप्प्याटप्प्याने समजून घेऊ.

कीड लागते म्हणजे नेमकं काय होतं?

दाताच्या बाहेर जे पांढरं, चकचकीत कवच दिसतं ते इनॅमल. आपल्या शरीरातला हा सगळ्यात कठीण पदार्थ. त्याच्या आत डेंटिन नावाचा जरा मऊ थर, आणि त्याच्याही आत नस आणि रक्तवाहिन्या. इनॅमलला स्वतःची नस नसते. त्यामुळे कवच पोखरलं जात असताना आपल्याला काहीच कळत नाही. कीड डेंटिनमध्ये शिरली की गार-गोड झोंबायला लागतं. नसेपर्यंत पोचली की ठणका सुरू होतो.

आता 'कीड' म्हणजे खरोखरचा किडा नव्हे, बरं का. अजूनही काही ठिकाणी कानातून किंवा दाढेतून किडा काढून दाखवणारे लोक भेटतात, ती हातचलाखी असते. दातांवर जंतूंचा एक चिकट थर बसतो. आपण साखर खाल्ली की हे जंतूही ती खातात आणि आम्ल तयार करतात. तोंडातला सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधली खनिजं विरघळायला लागतात. मग लाळ हळूहळू ते आम्ल निवळते आणि खनिजं परत बसवते. याला अर्धा-पाऊण तास तरी लागतो, कधी जास्तही.

म्हणजे प्रत्येक वेळी गोड खाल्लं की दातावर अर्धा-पाऊण तास हल्ला, मग दुरुस्ती. आता असा विचार करा, एक जण जेवणानंतर दोन लाडू खातो आणि तोंड धुतो. दुसरा दुकानात बसून दिवसभरात सहा वेळा अर्धा-अर्धा कप गोड चहा आणि प्रत्येक वेळी एक बिस्कीट घेतो. साखर कदाचित सारखीच असेल. पण पहिल्याच्या दातांवर एक हल्ला झाला, दुसऱ्याच्या दातांवर सहा. दुरुस्तीला वेळच मिळाला नाही.

हे आपल्याला कसं कळलं, याची कथा फारशी सुखद नाही. स्वीडनमध्ये लुंड इथे व्हिपेहोल्म नावाची बौद्धिक अपंगत्व असलेल्या लोकांची संस्था होती. १९४५ नंतरच्या काही वर्षांत तिथल्या रुग्णांवर साखरेचे प्रयोग झाले. काहींना जेवणासोबत साखर दिली, काहींना दोन जेवणांच्या मधे चिकट टॉफ्या दिल्या. रुग्णांची संमती घेतलेली नव्हती, आणि आज असा प्रयोग कोणी करू शकणार नाही. निष्कर्ष मात्र स्पष्ट होता. जेवणासोबतच्या साखरेने कीड थोडी वाढली, मधल्या वेळच्या चिकट टॉफ्यांनी प्रचंड वाढली. त्यानंतर स्वीडनमध्ये मुलांना गोळ्या-चॉकलेटं फक्त शनिवारी द्यायची पद्धत रूढ झाली. आपल्याकडेही सणाला पुरणपोळी खायला आमची ना नाही. आमचं भांडण दिवसभर सुरू असलेल्या चघळण्याशी आहे.

पहिली सहा वर्षं

बाळाचा पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो, कुणाला थोडा आधी, कुणाला वर्षाच्या आसपास. अडीच-तीन वर्षांपर्यंत वीस दुधाचे दात पूर्ण होतात. दात येताना बाळ चिडचिड करतं, लाळ गळते, हिरड्या शिवशिवतात. पण जास्त ताप किंवा जुलाब झाले तर 'दात येताहेत' म्हणून घरी बसू नका. त्याच वयात बाळ हाताला लागेल ते तोंडात घालतं, जुलाब त्यामुळे होतात. बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

या वयातली सगळ्यात मोठी अडचण म्हणजे रात्रीची बाटली. बाळ दुधाची बाटली तोंडात धरूनच झोपतं. झोपेत लाळ कमी होते, गिळणंही कमी होतं, आणि ते दूध, त्यात साखर घातलेली असेल तर आणखीच, वरच्या पुढच्या दातांभोवती तासन्‌तास साचून राहतं. दोन-अडीच वर्षांच्या मुलाचे वरचे चारही दात काळे पडून झिजलेले आम्ही नेहमी पाहतो. चोखणीला मध किंवा साखर लावण्यानेही हेच होतं.

यावर आजी म्हणते, "दुधाचेच तर आहेत, पडणारच आहेत." पुढचे दात सहा-सात वर्षांत पडतात हे खरं. पण दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. मूल त्याच दाढांनी भाकरी-पोळी चावतं, आणि त्याच दाढा खालून येणाऱ्या कायमच्या दातांसाठी जागा राखून ठेवतात. दाढ लवकर गेली की बाजूचे दात त्या जागेत सरकतात आणि कायमचा दात वेडावाकडा येतो. पुढे तारा लावाव्या लागतात, त्याचं मूळ अनेकदा इथे असतं.

मग काय करायचं? दात येण्याआधी ओल्या स्वच्छ कापडाने हिरड्या पुसा. पहिला दात आला की लहान मऊ ब्रश सुरू करा. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी फ्लोराईडची पेस्ट पुरे. जाहिरातीत ब्रशभर दाखवतात तेवढी नको, कारण मूल ती गिळतं. सात-आठ वर्षांपर्यंत रात्रीचा ब्रश आईवडिलांनी स्वतः करून द्यावा. तेवढी हाताची सफाई त्या वयात आलेली नसते. आणि दातांच्या डॉक्टरांची पहिली भेट पहिल्या वाढदिवसापर्यंत, काहीही दुखत नसताना, होऊ द्या. दुखत असताना पहिल्यांदा आणलेलं मूल आमच्या खुर्चीला आयुष्यभर घाबरतं.

सहा ते बारा : एक दाढ जी कुणाच्या लक्षात येत नाही

आज घरी जाऊन एकच गोष्ट करायची असेल, तर ही करा. घरातल्या सहा-सात वर्षांच्या मुलाला आ करायला सांगा आणि सगळ्यात मागे पाहा. शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे एक नवी, मोठी दाढ येताना दिसेल. ही कायमची पहिली दाढ आहे. ती येताना कोणताही दुधाचा दात पडत नाही, म्हणून पालकांना कळतच नाही की कायमचा दात आला. त्यांना वाटतं ही पण दुधाचीच. तिला कीड लागली तरी 'पडेल आपोआप' म्हणून सोडून देतात. ती पडणार नाही. ती एकदाच येते आणि सत्तर-ऐंशी वर्षं चालायला हवी असते.

या दाढेच्या वरच्या बाजूला खोल खाचा असतात, ब्रशचा केस आत जात नाही. दाढ पूर्ण वर आल्यावर या खाचा एका पातळ लेपाने बुजवता येतात, त्याला सीलंट म्हणतात. भूल लागत नाही, दात कोरावा लागत नाही, काही मिनिटांचं काम आहे. पुढे नस काढून कॅप बसवण्याच्या खर्चाशी तुलना केली तर किरकोळ खर्च आहे.

याच वयात वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट दिसते आणि पालक घाबरून येतात. बहुतेक मुलांत सुळे खाली आले की ही फट आपोआप मिटते. तरी सात-आठ वर्षांच्या सुमाराला एकदा जबड्याची ठेवण तपासून घ्यावी.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, ती कोणत्याही घरात उपयोगी पडू शकते. खेळताना पडून कायमचा दात मुळासकट बाहेर आला, तर तो फेकू नका. पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका, घासू नका. माती लागली असेल तर पाण्याखाली क्षणभर धरा. जमत असेल तर लगेच त्याच जागी परत बसवा आणि मुलाला रुमाल चावून धरायला सांगा. नाहीतर थंड दुधात ठेवा आणि तडक डॉक्टर गाठा. अर्ध्या तासात पोचलात तर दात जगण्याची चांगली शक्यता असते. कोरड्या कागदात गुंडाळून दुसऱ्या दिवशी आणलेल्या दाताचं फारसं काही करता येत नाही. दुधाचा दात असेल तर मात्र परत बसवायचा नसतो.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या भागांतले श्रोते असतील तर त्यांच्यासाठी दोन शब्द. फ्लोराईड योग्य प्रमाणात दात मजबूत करतं. पण या जिल्ह्यांतल्या अनेक गावांत बोअरवेलच्या पाण्यात ते जास्त आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराईड असलेलं पाणी पिण्यायोग्य मानत नाहीत. लहानपणी, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंत, दात जबड्याच्या आत घडत असताना असं पाणी प्यायलं की दातांवर पांढरे-पिवळे-तपकिरी पट्टे येतात. हे डाग घासून जात नाहीत, आणि मुलगा दात घासत नाही म्हणून त्याला रागावू नका. आणि पाणी उकळून फ्लोराईड जात नाही. पाणी आटतं आणि फ्लोराईड तेवढंच राहतं. पाण्याची तपासणी करून दुसरा स्रोत शोधणं हाच उपाय.

कॉलेज ते तिशी : सुपारीची पुडी

सतरा ते पंचविसाच्या दरम्यान अक्कलदाढा येतात. जागा अपुरी असेल तर दाढ आडवी अडकते, वरच्या हिरडीखाली अन्न साचतं, सूज येते, तोंड उघडत नाही. प्रत्येक अक्कलदाढ काढावीच लागते असं नाही. सरळ आलेली, साफ करता येणारी दाढ राहू द्यावी. वारंवार सुजणारी किंवा शेजारच्या दाढेला किडवणारी मात्र काढून घ्यावी.

पण या वयात आम्हाला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. गुटखा, मावा, विदर्भात खर्रा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पुड्या कुठे मिळतात हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. बरीच मुलं सांगतात, "डॉक्टर, मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो." मंडळी, नुसती सुपारीसुद्धा निर्दोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारीला, तंबाखू नसली तरी, माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं.

सुपारीमुळे गालाच्या आतल्या अस्तराखाली तंतू साचतात आणि अस्तर कडक होत जातं. १९५२ साली श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये या आजाराचं वर्णन केलं. आज त्याला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. सुरुवात कशी होते? आधी तिखट खाल्लं की तोंडाची आग. मग गालाचा आतला भाग फिकट, पांढुरका. मग तोंड थोडं-थोडं कमी उघडायला लागतं. शेवटी पाणीपुरी तोंडात जात नाही, डॉक्टरांचा आरसाही जात नाही. यात ठणका नसतो, म्हणून कुणी येत नाही. आणि यातल्या काही जणांना पुढे कर्करोग होतो.

घरी करायची एक चाचणी आहे. आपल्याच हाताची मधली तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांच्या मधे घाला. तीन बोटं जात असतील तर बहुधा ठीक. दोनच जात असतील तर लगेच दाखवा. गेलेली लवचीकता औषधांनी पूर्ण परत येत नाही, पण सुपारी सोडली तर आजार वाढण्याचा वेग मंदावतो. ज्या दिवशी सोडाल त्या दिवसापासून फायदा आहे.

आणि सगळ्याच वयांसाठी एक नियम सांगतो. तोंडातला कोणताही व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, दोन आठवड्यांत बरी झाली नाही तर दाखवा. न दुखणाऱ्या व्रणाची आम्हाला दुखणाऱ्या व्रणापेक्षा जास्त धास्ती वाटते.

गरोदरपण

'एका बाळामागे एक दात जातो' असं म्हणायची पद्धत आहे. बाळ आईच्या दातातलं कॅल्शियम शोषून घेतं, ही समजूत चुकीची आहे. खरं कारण वेगळं आहे. या काळात संप्रेरकांमुळे हिरड्या थोड्याशा घाणीलाही जास्त सुजतात, रक्त येतं. त्यात उलट्यांचं आम्ल आणि मळमळीमुळे न केलेला ब्रश. उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नका, दाताचं कवच तेव्हा मऊ झालेलं असतं. साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्ध्या तासाने ब्रश करा. उपचार लागले तर चौथा ते सहावा महिना सगळ्यात सोयीचा, आणि अगदी ठणकत असेल तर कुठल्याही महिन्यात या. सोसत बसणं आई आणि बाळ दोघांनाही चांगलं नाही.

पस्तीस ते साठ : हिरड्या

या वयात दात कमी किडतात आणि हिरड्या जास्त बिघडतात. ब्रश करताना रक्त येतं. बहुतेक लोक काय करतात? तिथे ब्रश लावायचं बंद करतात. नेमकं उलटं करायला हवं.

डेन्मार्कमधल्या आर्हुस इथे १९६५ साली हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सोपा प्रयोग प्रसिद्ध केला. हिरड्या निरोगी असलेल्या बारा जणांनी दात घासणं पूर्ण बंद केलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. परत घासायला लागल्यावर साधारण आठवड्यात त्या पूर्ववत झाल्या. म्हणजे हिरडीची सुरुवातीची सूज आपल्या हाताने बरी होते.

पण दुर्लक्ष केलं तर तो जंतूंचा थर लाळेतल्या खनिजांनी कडक होतो, त्याला कीटण म्हणतात. कीटण ब्रशने निघत नाही. हळूहळू सूज हाडापर्यंत जाते, हाड झिजतं, दात लांब दिसायला लागतात, मधे फटी पडतात, मग हलतात. गेलेलं हाड सहसा परत येत नाही. याच ल्यो यांनी पुढे १९७० ते १९८५ या काळात श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांत काम करणाऱ्या ४८० मजुरांचा अभ्यास केला. त्या मजुरांना दातांचे उपचार मिळत नव्हते. शंभरातल्या साधारण आठ जणांचा आजार झपाट्याने वाढला, एक्याऐंशी जणांचा मध्यम गतीने आणि अकरा जणांचा हिरडीच्या सुजेपलीकडे गेलाच नाही. म्हणून 'आमच्या आजोबांनी कधी ब्रश केला नाही, तरी बत्तिशी शाबूत होती' या म्हणण्यात खोटं काही नाही. आजोबा त्या अकरा जणांतले असतील. आपण कोणत्या गटात आहोत हे तपासल्याशिवाय कळत नाही.

इथे तंबाखू आणखी एक खेळ करते. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं आणि आतला आजार झाकला जातो. मिश्रीबद्दलही बोललं पाहिजे. आपल्या गावाकडच्या किती तरी बाया सकाळी मिश्री लावल्याशिवाय चुलीशी बसत नाहीत. त्यांना वाटतं दात साफ होतात, हिरड्या घट्ट होतात. मिश्री म्हणजे भाजून कुटलेली तंबाखूच. ती हिरडीतून रक्तात जाते, सवय लावते. 'मी तंबाखू खात नाही, फक्त मिश्री लावते' म्हणणारी मावशी तंबाखूच घेत असते.

मधुमेह असेल तर हिरड्यांचा आजार जोरात वाढतो, आणि हिरड्या सुजलेल्या असतील तर साखर आटोक्यात ठेवणं अवघड जातं. हिरड्यांचे उपचार केले तर साखरेलाही थोडी मदत होते. तेव्हा मधुमेहाच्या तपासणीत डोळे आणि पाय पाहतो तसं तोंडही पाहा.

साठीनंतर

वय झालं की दात पडणारच, हे आम्हाला मान्य नाही. दात आजाराने पडतात. वयाबरोबर हिरडी खाली सरकते आणि मूळ उघडं पडतं. मुळावर इनॅमल नसतं, म्हणून तिथे कीड लवकर शिरते. रक्तदाबाच्या, नैराश्याच्या, ॲलर्जीच्या बऱ्याच गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. लाळ कमी म्हणजे दुरुस्ती कमी. मग कोरडं तोंड ओलं करायला आजोबा खडीसाखर चघळतात, आणि तीच मुळावर बसते. त्यापेक्षा घोट-घोट पाणी प्या, आणि कोणती गोळी बदलता येईल का हे डॉक्टरांना विचारा. स्वतःहून बंद करू नका.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबाबतही तेच. दात काढायचा म्हणून लोक दोन दिवस आधी आपल्याच मनाने गोळी बंद करून येतात. त्यात हृदयाला किंवा मेंदूला धोका असतो. गोळी चालू ठेवूनही बहुतेक वेळा दात काढता येतो, रक्त थांबवायचे उपाय आमच्याकडे आहेत. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून औषध किंवा इंजेक्शन चालू असेल तर तेही आधी सांगा, कारण त्यात जबड्याची जखम भरायला त्रास होऊ शकतो.

कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवावी. कोरडी ठेवली तर तिचा आकार बिघडतो. हिरड्यांनाही रात्री विश्रांती हवी. कवळी सैल झाली, टोचते, जखम होते, तर 'आता सवय झाली' म्हणून सोसू नका. दात गेल्यावर जबड्याचं हाड झिजत राहतं, त्यामुळे काही वर्षांनी कवळी पुन्हा बसवून घ्यावी लागते.

घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, तर त्यांचं तोंड दिवसातून दोनदा साफ करा. अशा रुग्णांत तोंडातले जंतू श्वासावाटे फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. मऊ ब्रश पुरे, नाहीतर बोटाला ओलं कापड गुंडाळून.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*वरची दाढ काढली की डोळे कमजोर होतात का?*
नाही. दाताची नस आणि पाहण्याची नस वेगवेगळ्या आहेत. दात बहुधा पन्नाशी-साठीत काढले जातात आणि मोतीबिंदूही त्याच वयात येतो, म्हणून लोक दोन्हींची सांगड घालतात. उलट, पू झालेली दाढ तशीच ठेवली तर संसर्ग चेहऱ्यात पसरू शकतो.

*मशीनने दात साफ केले की दात हलायला लागतात, असं ऐकलं आहे.*
कीटणाने हाड आधीच झिजवलेलं असतं, आणि तेच कीटण दातांना सिमेंटसारखं धरून ठेवतं. ते काढलं की खरी अवस्था उघडी पडते. हाड कीटणाने गेलं, दोष मशीनला लागतो. लवकर साफ करून घेतले तर ही वेळ येत नाही.

*कडुनिंबाची काडी, राखुंडी, मीठ चालेल का?*
काडी नीट चावून, मऊ कुंचला करून वापरली तर थर निघतो. पण तिने मागच्या दाढांच्या आतल्या बाजूला पोचणं अवघड. राखुंडी, विटेची भुकटी, कोळसा यांनी दाताचं कवच घासलं जातं, त्या नकोतच. मऊ ब्रश आणि साधारण १००० पीपीएम फ्लोराईडची कोणतीही साधी पेस्ट घ्या, महागडीच हवी असं नाही. दोन मिनिटं, दोन वेळा, आणि रात्रीचा ब्रश अजिबात चुकवू नका. नंतर फेस थुंका, पण खळाखळा चुळा भरू नका, फ्लोराईड दातावर राहू द्या.

*माझी दाढ महिनाभर ठणकत होती, आता आपोआप थांबली. मग आता येण्याची गरज आहे का?*
हो, आता तर नक्की या. ठणका आपोआप थांबला म्हणजे बहुधा आतली नस मेली. आजार थांबलेला नाही, तो मुळाच्या टोकाशी जाऊन गळू करतो. आणि दुखऱ्या हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी ठेवू नका, त्याने हिरडी भाजते.

*खर्च परवडत नाही, मग?*
प्रश्न अगदी रास्त आहे. पहिली गोष्ट, वेळेवर भरलेल्या छोट्या खड्ड्याचा खर्च रूट कॅनाल आणि कॅपच्या तुलनेत फार कमी असतो. दुसरी, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत कमी खर्चात उपचार होतात. जिल्हा रुग्णालयात आणि अनेक ग्रामीण रुग्णालयांतही दंतचिकित्सक असतात. वेळ लागतो, रांग असते, पण काम होतं. वर्षातून एकदा, दुखत नसताना, नुसतं तपासून घ्यायला जा.

वेळ संपत आली आहे. घरी गेल्यावर सहा वर्षांच्या मुलाची मागची दाढ पाहा, कॉलेजातल्या मुलाला तीन बोटांची चाचणी करायला सांगा, आईची मिश्रीची डबी कुठे असते ते तुम्हाला ठाऊक आहेच, तिच्याशी बोला, आणि आजोबांची कवळी रात्री पाण्यात आहे का ते बघा. काही सापडलं, तर दुखायची वाट पाहू नका.